काल्पनिक पात्रांचे निदान : दूरचित्रवाणी-मालिका, स्वमग्नता आणि भाषा

नाटकातील अथवा कादंबरीतील एखाद्या पात्रास अमुक एक मनोविकार जडला होता काय, हा प्रश्न नवा नाही. अर्नेस्ट जोन्स ह्या मनोविश्लेषकाने हॅम्लेटच्या दिरंगाईचे मूळ ईडिपस-गंडात आहे असे १९१० साली प्रतिपादिले आणि पुढे १९४९ मध्ये त्याच विषयावर ग्रंथ सिद्ध केला. ह्याच नाटकाचे गोपाळ गणेश आगरकरांनी केलेले मराठी भाषांतर १८८३ साली प्रसिद्ध झाले, त्याचे नाव 'विकारविलसित'. त्या नावातील 'विकार' म्हणजे मनातील भावनांचा क्षोभ, रोग नव्हे. तोच शब्द आज दवाखान्याच्या पाटीवर जाऊन बसला आहे, ही अर्थांतराची कथा स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे. जोन्सच्या लेखनाच्या उलट दिशेने एल. सी. नाइट्स ह्या इंग्रज समीक्षकाने १९३३ साली 'लेडी मॅक्बेथला मुले किती होती?' असा खोचक मथळा देऊन एक निबंध लिहिला. पात्रे ही शब्दांची बनलेली असतात, शब्दांबाहेर त्यांना घरदार नसते, हा त्या मथळ्यामागील मुद्दा होय.

हाच वाद आता दूरचित्रवाणी-मालिकांच्या क्षेत्रात नव्याने उद्भवला आहे. 'द बिग बँग थिअरी' ह्या अमेरिकन विनोदी मालिकेतील शेल्डन कूपर, 'कम्युनिटी'मधील अबेद नादिर, 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'मधील डेटा, 'द ब्रिज' ह्या स्वीडिश-डॅनिश मालिकेतील सागा नोरेन ही पात्रे 'ऑटिझमच्या वर्णपटावर' आहेत काय, अशी विचारणा प्रेक्षक वारंवार करतात. ह्या प्रश्नाचे उत्तर मानसशास्त्राकडे मागितले जाते. वस्तुतः ज्या पुराव्यावर तो उभा आहे तो बहुतांशी भाषिक पुरावा आहे, आणि म्हणून भाषाविज्ञानासही त्यात काही सांगावयाचे आहे.

प्रथम संज्ञेविषयी. 'ऑटिझम' हा शब्द 'स्वतः' ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून ऑयगेन ब्लॉयलर ह्या स्विस मनोवैद्याने १९१० च्या सुमारास घडविला. त्याला त्या वेळी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे जगापासून मागे सरणे अभिप्रेत होते. लिओ कॅनर ह्याने १९४३ साली अकरा बालकांचे वर्णन करून ह्या शब्दास आजचा अर्थ दिला. हान्स आस्पर्गर ह्याचा व्हिएन्नातील प्रबंध १९४४ चा. परंतु लोर्ना विंग ह्यांनी १९८१ मध्ये त्यास 'आस्पर्गर लक्षणसमूह' ह्या नावाने इंग्रजी वाचकांपुढे मांडीपर्यंत तो उपेक्षित राहिला. अमेरिकन मनोवैद्यक संघटनेच्या २०१३ च्या निदानग्रंथात हे स्वतंत्र नाव वगळून सर्व प्रकार 'ऑटिझम वर्णपट' ह्या एकाच नावाखाली आणले गेले. नाझी राजवटीतील बालहत्येच्या केंद्राकडे आस्पर्गरने मुले पाठविली होती, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आल्यावर ते नाव उच्चारण्याचीही अनेकांना शिसारी वाटू लागली.

मराठीत ह्यास 'स्वमग्नता' अथवा 'आत्ममग्नता' हे प्रतिशब्द रूढ झाले आहेत. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते निर्दोष आहेत. अर्थच्छटेच्या दृष्टीने नाहीत. आपल्या भाषेत कवी आत्ममग्न असतो, योगीही आत्ममग्न असतो. त्या शब्दास एक प्रकारच्या तृप्तीचा गंध आहे. जे मूल गर्दीचा आवाज असह्य होऊन कानांवर हात घेते, किंवा इतर मुलांत मिसळावे असे मनापासून वाटूनही जे मिसळू शकत नाही, त्याच्या ठायी ही तृप्ती कोठली? तथापि शब्द रुळला आहे, आणि रुळलेला शब्द उखडून काढण्याच्या भरीस सहसा कोणी पडू नये. त्याच्या मूळ अर्थावरून मुलाविषयी अनुमान काढू नये, एवढे पथ्य पाळले म्हणजे पुरे.

२०१३ च्या निकषांनुसार निदानास दोन अंगे लागतात. सामाजिक संज्ञापन व परस्परव्यवहार ह्यांतील सातत्याची उणीव हे एक. वर्तन, आवडी आणि हालचाली ह्यांतील ठरावीकपणा, पुनरावृत्ती, बदलाविषयीची असहिष्णुता व संवेदनांस मिळणारा अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद हे दुसरे. ह्यांखेरीज लक्षणे बालपणीच्या विकासकाळापासून असली पाहिजेत आणि त्यांनी दैनंदिन जीवनात प्रत्यक्ष अडचण उत्पन्न केलेली असली पाहिजे. आता हे निकष पात्रास लावून पाहावेत. पात्रास बालपण नसते. लेखकाने सांगितले तेवढेच असते, आणि लेखक ते मागाहून बदलूही शकतो. ह्याचे शेल्डनइतके चांगले उदाहरण मिळणे कठीण. तो कोणाच्याही दारावर तीनदा टकटक करतो आणि प्रत्येक वेळी आतील व्यक्तीचे नाव घेतो; हे तीन वेळा पूर्ण झाल्यावाचून त्यास चैन पडत नाही. कित्येक वर्षे प्रेक्षकांनी हे पुनरावृत्तीचे लक्षण म्हणून मोजले. मालिकेच्या दहाव्या पर्वात मात्र त्याच्याच तोंडून कारण सांगितले गेले : तेरा वर्षांचा असताना तो घरी अवचित परतला आणि वडिलांना परस्त्रीसमवेत पाहिले, तेव्हापासून तो आतील माणसांना सावरण्यास अवधी देतो. एका वाक्याने लक्षणाचे आघातात रूपांतर झाले. जिवंत माणसाच्या बाबतीत असे होत नाही. तेथे नवा पुरावा सापडतो, येथे तो निर्माण केला जातो.

दुसरी अडचण निदान ह्या क्रियेच्याच स्वरूपात आहे. जे. एल. ऑस्टिन ह्या तत्त्वज्ञाच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत तर ती घडवितात, हे दाखवून दिले. न्यायाधीशाने 'दोषी' म्हणणे हे असे वाक्य आहे. 'ह्या मुलास ऑटिझम आहे' हे अधिकारी वैद्याचे वाक्यही अंशतः त्याच जातीचे आहे. भारतात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने आणि पुढे २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने ऑटिझमची नोंद घेतली. तेव्हापासून त्या वाक्याच्या पाठोपाठ प्रमाणपत्र येते, शाळेतील सवलत येते, आईवडिलांच्या मनावरचे ओझे वाढते किंवा हलके होते. पात्राच्या बाबतीत ह्यातील काहीही घडत नाही. शेल्डनला प्रमाणपत्र नको आहे. म्हणून 'शेल्डन स्वमग्न आहे काय?' हा प्रश्न वस्तुस्थितीचा प्रश्न म्हणून विचारला तर तो निरर्थकच म्हणावा लागेल. पण प्रेक्षकांना हे सुचते कशावरून, आणि मालिका ते नाव घेण्याचे टाळते तेव्हा काय साधते, हे दोन्ही प्रश्न निरर्थक नाहीत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडील साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सोप्या रीतीने देता येते. शब्दाच्या अभिधा, लक्षणा आणि व्यंजना अशा तीन शक्ती मानल्या आहेत. 'सूर्य मावळला' ह्या वाक्याचे मम्मटाने दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे : ऐकणारा जसा असेल तसा त्यातून निराळा अर्थ निघतो, कोणास गुरे वळवावीशी वाटतील, कोणास संध्येची वेळ झालेली कळेल, कोणास अभिसाराची. शेल्डनसारखे पात्र ह्या वाक्यावर सूर्य मावळत नसून पृथ्वी फिरते असे उत्तर देईल. ते अभिधेवर थांबते. मराठी घरात पाहुणा निघताना 'येतो' म्हणतो, कारण 'जातो' म्हणणे अशुभ मानलेले आहे. अभिधेवर थांबणारा यजमान त्यास 'केव्हा?' असे विचारील. पॉल ग्राइस ह्याने १९६७ च्या व्याख्यानांत संभाषणातील गर्भितार्थाची जी उपपत्ती मांडली, तिचा विषय हाच आहे : बोलणारा सहकार्याने बोलत आहे असे गृहीत धरून ऐकणारा न बोललेला अर्थ काढतो. फ्रान्चेस्का हापे ह्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत रूपक आणि उपरोध ह्यांचे आकलन व दुसऱ्याच्या मनातील विचार ओळखण्याची कुवत ह्यांचा संबंध दाखविला; उपरोध हा त्यांत सर्वांत दुर्गम ठरला. शेल्डनला उपरोध कळत नाही हा मालिकेतील पहिल्यापासूनचा विनोद आहे. एका प्रसंगी त्याचा सहनिवासी लिओनार्ड 'उपरोध' असे लिहिलेला फलकच वर धरतो.

परंतु येथे सूक्ष्म पाहिले पाहिजे. शेल्डन स्वतः थट्टा करतो आणि थट्टा संपल्यावर 'बझिंगा' असा एक स्वकल्पित शब्द उच्चारतो. तो शब्द म्हणजे तोंडी फलकच होय. सर्वसामान्य वक्ता हेच काम स्वराच्या हेलाने करतो, कधी भुवई उंचावून करतो. शेल्डन ते शब्दाने करतो. त्याच्या ठायी व्यंजना नाही असे म्हणता येणार नाही. ती कशाने सूचित करावी ह्याविषयीचा त्याचा संकेत निराळा आहे, एवढेच म्हणता येईल. डेटा ह्या यंत्रमानवाच्या बाबतीत लेखकांनी ह्याहून स्थूल खूण योजली : तो इंग्रजीतील संक्षिप्त क्रियारूपे वापरू शकत नाही आणि वाक्प्रचार ऐकला की त्याचे समानार्थी शब्द मोजू लागतो. मराठीत हे पात्र आणावयाचे झाल्यास 'काय करतोयस' असे न म्हणता 'काय करीत आहेस' असे म्हणणारा माणूस रंगवावा लागेल. असा माणूस आपणांस स्वमग्न वाटेल की केवळ पुस्तकी वाटेल, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. लेखी भाषा आणि बोली ह्यांत अंतर जितके अधिक, तितकी अशी खूण संदिग्ध.

ह्या सर्व पात्रांत भाषिक दृष्ट्या सर्वांत लक्षणीय पात्र अबेद नादिर हे होय. त्याचे बोलणे चित्रपटांच्या आणि मालिकांच्या संदर्भांनी भरलेले असते. एखाद्या प्रसंगी काय वाटते हे सांगण्याऐवजी तो त्यासारखा पडद्यावरील प्रसंग सांगतो. वरवर पाहता हे विषयांतर वाटते. कॅनरने १९४६ साली ह्याच विषयावर एक स्वतंत्र लेख लिहिला होता. त्याच्या निरीक्षणाखालील पॉल नावाच्या मुलाचे उदाहरण अभ्यासकांस परिचित आहे. हा मुलगा काही वस्तू फेकण्याचा मोह झाला की कुत्र्याला सज्जातून खाली टाकू नकोस, असे स्वतःशी म्हणे. तेथे कुत्राही नसे आणि सज्जाही नसे. चौकशीअंती कळले की सुमारे तीन वर्षांपूर्वी एका हॉटेलात तो खेळण्यातला कुत्रा वारंवार सज्जातून खाली फेकीत असता आईने वैतागून हे शब्द उच्चारले होते. वाक्य असंबद्ध नव्हते; त्याचा संबंध इतरांस अज्ञात होता. हे रूपकच आहे, मात्र त्याचा उगम खासगी आहे, असा निष्कर्ष कॅनरने काढला. ऐकलेली वाक्ये कालांतराने पुन्हा उच्चारण्याच्या ह्या प्रकारास पुष्कळ काळ निव्वळ पोपटपंची मानले गेले. १९८० नंतरच्या दशकात बॅरी प्रिझंट आणि इतरांच्या अभ्यासांनी त्यामागे मागणी, होकार, स्वतःस आवर घालणे अशी निश्चित कार्ये असतात असे दाखवून दिले. सर्वनामांच्या अदलाबदलीचेही तसेच. 'मी' आणि 'तू' हे वक्त्यागणिक अर्थ बदलणारे शब्द आहेत. येस्पर्सनने १९२२ मध्ये त्यांस दिलेले नाव याकोबसनने पुढे रूढ केले. 'तुला पाणी हवं?' हे वाक्य जसेच्या तसे उच्चारून स्वतःची तहान सांगणारे मूल ऐकलेले सबंध वाक्य एकच शब्द म्हणून वापरीत असते.

अबेद आणि पॉल ह्यांत फरक एवढाच की अबेदची रूपके खासगी नाहीत. ज्या चित्रपटांचा तो उल्लेख करतो ते प्रेक्षकांनी पाहिलेले असतात. त्यामुळे पॉलच्या आईस जे कोडे उलगडण्यास आठवण ताणावी लागली, ते 'कम्युनिटी'च्या प्रेक्षकास तत्काळ उलगडते. किंबहुना कथेतील इतर पात्रांपेक्षा प्रेक्षकच अबेदच्या अधिक जवळ असतो. 'स्टार ट्रेक'च्या १९९१ मधील 'डार्मोक' नावाच्या भागात ह्याच कल्पनेची परिसीमा आहे : तेथे एक अख्खी जमात केवळ आपल्या पुराणकथांच्या उल्लेखांनी बोलते, शब्द कळूनही अर्थ कळत नाही, आणि कथा ठाऊक होताच सारे सुबोध होते. 'कर्ण झाला', 'रामबाण निघाला' असे नित्य बोलणाऱ्या भाषकास हे चमत्कारिक वाटू नये.

अबेदविषयी आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. मालिकेचा निर्माता डॅन हार्मन ह्याने हे पात्र रंगविण्यासाठी आस्पर्गर लक्षणसमूहाविषयी वाचन केले, आणि वाचता वाचता त्या वर्णनात त्यास स्वतःचेच रूप दिसू लागले, असे त्याने २०११ साली मुलाखतीत सांगितले. ह्यास निदान म्हणता येणार नाही. ही प्रत्यभिज्ञा आहे, ओळख पटणे आहे. अनेक स्वमग्न प्रेक्षक जेव्हा अमुक पात्र आपल्यातले आहे असे म्हणतात तेव्हा तेही निदान करीत नसून हीच क्रिया करीत असतात. नाइट्सचा आक्षेप तिला लागू पडत नाही, कारण ती पात्राविषयीचे विधान नसून पाहणाऱ्याविषयीचे विधान आहे. आयुष्याची कित्येक वर्षे आपण केवळ विक्षिप्त आहोत असे ऐकत आलेल्या माणसास पडद्यावर आपल्यासारखे बोलणारे कोणी दिसावे, हा लाभ लहान नव्हे.

मग निर्माते नाव घेण्याचे का टाळतात? 'द बिग बँग थिअरी' २००७ ते २०१९ अशी बारा पर्वे चालली. तिचे एक निर्माते बिल प्रेडी ह्यांनी, शेल्डन हा ऑटिझम मनात धरून लिहिलेला नाही, आपण पाहिलेल्या संगणक-आज्ञावलीकारांवरून तो घडला, असे स्पष्ट केले. मालिकेत शेल्डन स्वतः आपण वेडे नसल्याचा पुरावा म्हणून आईने आपली तपासणी करून घेतली होती, असे पुनःपुन्हा सांगतो. ह्या वाक्यावर हशा पिकतो. ही मालिका प्रेक्षकांसमोर चित्रित होई; तो हशा हाच मालिकेतील आणखी एक वक्ता होता, आणि कोणत्या वाक्याचा अर्थ कसा घ्यावा हे तो सांगत असे. नाव घेतले असते तर त्या हशाची जात बदलली असती. विक्षिप्त शास्त्रज्ञास हसणे हे विनोदी वाङ्मयाच्या जुन्या परंपरेत बसते. दिव्यांग व्यक्तीस हसणे आज बसत नाही. नाव न घेतल्याने हसण्याची मोकळीक राहिली, आणि अचूकतेची जबाबदारीही टळली. ह्यात कपटच आहे असे नव्हे. प्रेडी ह्यांचे म्हणणे अक्षरशः खरे मानण्यास हरकत नाही. परंतु ज्या लकबींवर मालिकेने बारा वर्षे हशा मिळविला त्याच लकबी घेऊन खऱ्याखुऱ्या वर्गात बसलेल्या मुलाकडे हा हशा पोहोचतो, आणि तेथे त्यास 'बझिंगा' म्हणून थांबविणारे कोणी नसते.

नाव घेतले म्हणजे सर्व ठीक होते असेही नाही. 'द गुड डॉक्टर' ह्या २०१७ ते २०२४ मधील मालिकेचा नायक शॉन मर्फी हा प्रथमपासून स्वमग्न म्हणून घोषित आहे, आणि तो असामान्य प्रतिभेचा शल्यविशारदही आहे. १९८८ च्या 'रेन मॅन' चित्रपटापासून ही जोडी चालत आली आहे. तो चित्रपट ज्या किम पीक ह्या विलक्षण स्मरणशक्तीच्या गृहस्थांवरून सुचला त्यांना ऑटिझम नव्हता असेच पुढे तज्ज्ञांचे मत पडले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सव्वीस चित्रपट व मालिकांतील स्वमग्न पात्रे निदानग्रंथाच्या निकषांशी ताडून पाहिली; ती निकषांशी वाजवीपेक्षा अधिक जुळली, आणि जवळजवळ निम्म्या पात्रांत अलौकिक कौशल्य आढळले. वास्तवात हे प्रमाण ह्याहून पुष्कळ कमी आहे. जिवंत माणसे पाठ्यपुस्तकाप्रमाणे वागत नाहीत. पाठ्यपुस्तक वाचून रचलेली पात्रे वागतात. पडद्यावर असाच नमुना पाहत आलेल्या पालकांस वा शिक्षकांस, जी मुलगी शांत बसते, इतरांचे पाहून हसते आणि घरी परतल्यावर थकून कोसळते, तिच्याविषयी शंकाही येत नाही.

एक बाब ह्याहूनही मूलगामी आहे. शेल्डन, अबेद, डेटा, सागा, शॉन ही सारी पात्रे बोलतात. नुसती बोलत नाहीत, पल्लेदार वाक्ये बोलतात. कॅनरच्या अकरा मुलांपैकी तिघांस वाणी आलीच नव्हती. संवादावर चालणाऱ्या माध्यमास न बोलणारे पात्र परवडत नाही, आणि म्हणून वर्णपटाचा तो भाग पडद्यावर जवळजवळ नाहीच. कोणते पात्र स्वमग्न आहे ह्याची चर्चा ज्या सामग्रीवरून होते तीच अशी एकांगी आहे.

दुसऱ्या दिशेनेही एक दुरुस्ती आवश्यक आहे. स्वमग्न व्यक्तीस इतरांचे मन कळत नाही, हे सूत्र १९८५ च्या बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ ह्यांच्या प्रयोगापासून प्रचलित झाले. वीस स्वमग्न मुलांपैकी सोळा त्या चाचणीत चुकली होती. डेमियन मिल्टन ह्या स्वतः स्वमग्न असलेल्या समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये विचारले की इतरांस तरी स्वमग्नांचे मन कोठे कळते? न कळणे दुहेरी आहे, असे त्याचे म्हणणे. स्वमग्न व्यक्ती आपसांत माहिती तितक्याच चांगल्या रीतीने पोहोचवितात, आणि मिश्र गटात मात्र ती गळते, असे कॅथरिन क्रॉम्प्टन व सहकाऱ्यांच्या २०२० च्या प्रयोगात आढळून आले. ग्राइसचे सहकार्याचे तत्त्व मोडलेले नसून दोन ठिकाणी त्याचे संकेत भिन्न आहेत, असा ह्याचा भाषावैज्ञानिक अर्थ लावता येईल.

'सेसमी स्ट्रीट' ह्या बालकांच्या मालिकेत १० एप्रिल २०१७ रोजी जूलिया नावाची चार वर्षांची बाहुली प्रथम दूरचित्रवाणीवर आली. ती थोडे बोलते, ऐकलेले शब्द पुन्हा उच्चारते, आणि ती स्वमग्न आहे हे मालिका स्वच्छ शब्दांत सांगते. पहिल्या भेटीत बिग बर्ड तिला अभिवादन करतो. ती चित्र रंगवीत असते. उत्तर देत नाही, वरही पाहत नाही. आपण तिला आवडलो नाही, असे बिग बर्डला वाटते. त्या भागात ज्याचा गैरसमज दूर करावा लागतो तो बिग बर्ड आहे. जूलिया रंगवीत राहते.